गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कोट

"अख्ख्या पेठेला हार घालून भिंतीवर लावलं, आणि स्वतःचा एक धड फोटो ठेवला नाही माणसाने."

काका, तुमच्या वहिनी स्वयंपाकघरात कुणाला तरी हे सांगत होत्या. मी दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. आईने घरून थर्मासमध्ये चहा पाठवला होता, तो देऊन झाला होता. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. तेराव्याला लावायला फोटो हवा होता आणि सदाशिव पेठेत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाच्या घरात त्याचाच फोटो सापडत नव्हता.

बाहेरच्या खोलीत मेधाताई कपाटं उपसत होती. मांजरीच्या सासरहून आल्यापासून तुमच्या लेकीचं तेवढंच चाललं होतं. शेवटी तुमचं आधार कार्ड निघालं. ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं.

"यात तो दरोडेखोर दिसतो," वहिनी म्हणाल्या.

"सगळेच दिसतात हो त्यात," मेधाताई म्हणाली आणि कार्ड परत पाकिटात घातलं.

माझ्याकडे तुमचा फोटो होता. चांगला होता. पण मी काही बोलले नाही. कप विसळले, थर्मास उचलला आणि गल्ली ओलांडून घरी आले. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "कॉन्व्हेंटमध्ये तोंड उघडायला अर्ज करावा लागतो का?"

'कॉन्व्हेंट' हे माझं नाव तुम्हीच ठेवलंत. बारावीनंतर फॉर्मसाठी फोटो काढायला मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते. "मान वर," तुम्ही म्हणालात. "अजून वर. जमिनीवर काही पडलंय का तुझं?" चार वेळा क्लिक केल्यावर तुम्हाला हवा तसा एक मिळाला. त्या फोटोत मी सरळ बघते आहे. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या काही फोटोंपैकी एक, ज्यात माझे डोळे दिसतात. तुम्ही तो माझ्या हातात देऊन म्हणालात, "ही तूच आहेस. ओळख ठेव."

नोकरी लागली, हिंजवडीच्या कंपनीत. पहिल्या वर्षी मी कॅमेरा घेतला आणि तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही तो उलटापालटा करून विचारलंत, "यात रोल कुठून घालतात?" मी गंभीरपणे समजावून सांगायला लागले. तुमच्या मागच्या टेबलावर तुमचा स्वतःचा डिजिटल कॅमेरा पडलेला होता, तो मला पाच मिनिटांनी दिसला.

मग तुम्ही शिकवायला लागलात. शिकवतो असं कधी म्हणाला नाहीत. "शटर सव्वाशेवर ठेव," म्हणालात आणि मी नुसती बघत राहिले. "एकशे पंचवीस, मॅडम." त्यानंतर मुद्दाम कधी एकशे पंचवीस म्हणाला नाहीत. साठ, सव्वाशे, अडीचशे, पाचशे. मराठी आकडे पाठ करून घेणं घरच्यांना बारा वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही शटरच्या बटणावर करून दाखवलंत. आज हे मी मराठीत लिहिते आहे, तेही तुमच्यामुळेच थोडंफार.

तुमच्या दुकानाच्या दाराशी, उजेडाला, आरसा होता. त्याला दोरीने बांधलेला कंगवा. खाली पावडरचा डबा. शेजारी खिळ्यावर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला काळा कोट आणि कायम गाठ मारलेला टाय. स्पर्धा परीक्षांच्या क्लाससाठी विदर्भातून आलेली मुलं फॉर्मच्या फोटोसाठी तो कोट चढवायची. खाली अर्धी चड्डी, पायात स्लिपर. एकदा मला हसू आवरेना, तेव्हा तुम्ही मुलगा गेल्यावर म्हणालात, "हसू नकोस. सरकारला माणूस कमरेच्या वरचाच लागतो."

आणि तुमचं दुसरं काम, ज्याबद्दल वहिनी बोलत होत्या. घरातलं कुणी गेलं की लोक तुमच्याकडे जुना फोटो घेऊन यायचे. बहुतेक वेळा लग्नातला, नाहीतर सहलीचा. दहा माणसांतून एक बाजूला काढायचा, मागे निळा रंग द्यायचा, मोठा करून फ्रेममध्ये घालायचा. "चेहरा सोपा असतो," तुम्ही मला दाखवत म्हणाला होतात. "जीव जातो तो खांद्यावरचा हात काढताना. सगळ्यांच्या खांद्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतोच." फ्रेम देताना तुम्ही मूळ फोटो आठवणीने परत करायचात. "हाही जपून ठेवा. हसतायत ते कुणामुळे, ते यातच कळतं."

म्हणूनच आपला वाद सुरू झाला तेव्हा तुमच्यापुढे माझं काही चाललं नाही.

मला कॅमेरा बदलायचा होता. माझा क्रॉप सेन्सरचा. आतली फोटो पकडणारी पट्टी जुन्या रोलच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे भिंगातून जेवढं आत येतं त्यातला मधलाच भाग उमटतो, कडा जातात. त्याच्या बदल्यात लांबचं जवळ आल्यासारखं वाटतं. फुल फ्रेममध्ये पट्टी रोलएवढीच, त्यामुळे सगळं येतं. मी हे तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही कुणाच्या तरी आजोबांच्या खांद्यावरून एक हात पुसत होतात.

"क्रॉप म्हणजे काय ते तू मला सांगतेस?" मान वर न करता तुम्ही म्हणालात. "कडेचं राहतंय ना? मग चार पावलं मागे जा. पाय आहेत."

"मागे भिंत असली तर?"

"तर समोरच्याला सांग, जरा सरकून बसा. पण त्याला बोलावं लागतं. ते कुठल्या कॅमेऱ्यात येतं ते बघ."

मी चिडले होते. तुम्हाला कळलं नसेल, कारण चिडले की मी अजून गप्प होते. ऑफिसमध्ये बसून मी एक तक्ता केला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. कमी उजेडात चांगला, कडा मिळतात, वजन जास्त, जुन्या काही लेन्स निरुपयोगी. छापून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावून सगळा वाचलात, खालची तळटीपसुद्धा, आणि विचारलंत, "यात तू कुठे आहेस?"

मी कागद घडी करून परत घेतला. त्या तक्त्यात एक ओळ मी घातलीच नव्हती. आता सांगते. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून तुमची पायरी समोर दिसते. माझ्या मोठ्या झूमने, त्या लहान सेन्सरवर, तुम्ही अगदी जवळ यायचात. पेपर वाचताना, चष्मा पुसताना, कुणाला तरी 'उद्या या' म्हणून परत पाठवताना. फुल फ्रेमवर त्याच झूममधून तुम्ही लांब गेला असतात. मला नीट बघायला खाली उतरावं लागलं असतं. तुमच्या समोर येऊन विचारावं लागलं असतं. मला हवा असलेला कॅमेरा मला नकोही होता, तो यासाठी. तुम्हाला वाटत होतं मी मिरवायला घेतेय. तसं वाटू दिलं, कारण ते सांगणं सोपं होतं.

मग सौरभने त्याचा कॅमेरा दोन दिवस वापरायला दिला. सौरभ माझ्या टीममधला. कंपनी त्याला अमेरिकेला ऑनसाइट पाठवणार होती आणि जाण्याआधी त्याला त्याचा फुल फ्रेम विकायचा होता. "वापरून बघ, मग सांग," तो म्हणाला. शनिवारी मी तो घेऊन तुमच्याकडे आले, वादात पुरावा म्हणून.

तुम्ही आत गेलात आणि तुमची जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स घेऊन आलात, रोलच्या काळातली, जिच्यावर तुम्ही अर्धं आयुष्य काढलंत. जोडणारी एक रिंग लावून ती बसवली. डोळ्याला लावली. तुम्ही काय म्हणता याची मी वाट बघत राहिले.

"अगं, ही पन्नासच आहे," तुम्ही म्हणालात.

पूर्वी एकदा तीच लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावून तुम्ही वैतागला होतात. सगळं पुढे आलंय, खोलीची खोली राहिली नाही, म्हणाला होतात. आता तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून हळूहळू वळत होतात. पडदा, कॅलेंडर, खिळ्यावरचा कोट, दार, दाराबाहेरची पायरी. "रोल बंद झाल्यापासून हिच्यातून असं बघितलंच नव्हतं," म्हणालात. तुमचा आवाज मला ओळखू आला नाही. इतका साधा होता.

मला वाटलं, जिंकले. आणि तेवढ्यात तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात, पँटला हात पुसलेत आणि जाऊन स्टुलावर बसलात. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर. मी तुम्हाला त्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. लोकांना सांगायचात तसेच हात गुडघ्यांवर ठेवलेत, मान स्वतःहून वर केलीत.

"काढ," तुम्ही म्हणालात.

आपल्यात पाच-सहा फूट अंतर होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी कॅमेरा वर केला. त्या मोठ्या चौकटीत तुम्ही पूर्ण होतात आणि सरळ माझ्याकडे बघत होतात. मी कॅमेरा खाली घेतला.

"लाइट चांगला नाही, काका. नंतर काढू."

तुम्ही तुमच्या दोन दिव्यांकडे पाहिलंत. चाळीस वर्षं ज्या जागी होते त्याच जागी ते होते. मला खात्री होती आता काहीतरी टोचून बोलणार. मी त्यासाठी तयार होते. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि उठलात.

लेन्स काढून द्यायला लागले तर म्हणालात, "राहू दे तुझ्याकडे. नंतर म्हणालीस ना?"

त्यानंतर तुम्ही तीन आठवडे होतात. त्या तीन आठवड्यांत तीन शनिवार आणि तीन रविवार आले. मी दुकानात दोनदा आले आणि दोन्ही वेळा माझा कॅमेरा घरी ठेवून आले.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत वळले तर तुमचं शटर अर्धं खाली होतं. दुपारी ते पूर्ण बंद असायचं, संध्याकाळी पूर्ण उघडं. अर्धं मी कधी पाहिलं नव्हतं. मला कुणी काही सांगायच्या आधी ते शटरने सांगितलं.

मेधाताई पाचव्या दिवशी आमच्याकडे आली. तिच्या हातात तिच्याच लग्नातला फोटो होता, दुसऱ्या कुणीतरी काढलेला. "तुला येतं ना गं कॉम्प्युटरवर? यातले बाबा जरा बाजूला काढून दे." तुम्ही कडेला उभे होतात, गळ्यात कॅमेरा, तोंड अर्धं उघडं. फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुचवत असणार. काकू शेजारी होत्या आणि त्यांचा हात तुमच्या दंडावर होता, बहुधा गप्प करायला.

रविवारी दुपारी मी ते काम घेऊन बसले. चेहरा सोपा असतो, हे खरं निघालं. मग काकूंच्या हाताशी आले. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. त्या तुमच्या बाहीवरून एकेक करून पुसायच्या होत्या. मी दोन पुसल्या आणि थांबले. मला ते करता आलं नाही, काका. तुम्ही किती घरांसाठी केलंत हे, आणि संध्याकाळी जेवायला कसे बसत होतात, हे मी कधी विचारलं नाही.

मग मी दुसरी फाइल उघडली. जिच्याबद्दल बोलायला मी घाबरत होते ती.

मागच्या थंडीतली सकाळ. दुकानात कुणी नव्हतं. मी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे झूम लावून बसले होते. तुम्ही खिळ्यावरचा कोट काढलात आणि अंगात घातलात. टाय गळ्यात अडकवलात. दोरीच्या कंगव्याने केस नीट केलेत, आणि बाहेर येऊन पायरीवर उभे राहिलात. वर कोट आणि टाय, खाली घरातला पांढरा लेंगा. मान किंचित वर. समोरच्या तारांवर कबुतरं बसतात, त्यांच्याकडे बघताय असं मला वाटलं. मी बटण दाबलं आणि लगेच आत पळाले. माणूस एकटा असताना त्याच्या मनातलं काहीतरी मी उचलून नेलं, असं मला वाटत राहिलं. तुम्हालाही एकदा त्या कोटात आपला फोटो हवा असेल, आणि काढायला कुणी नसेल. तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. स्वतःही पुन्हा नीट पाहिला नाही.

दहाव्या दिवशी तो छापून काकूंकडे नेला. "काकू, हा मी काढलाय. गॅलरीतून. काकांना न विचारता." इतकं सलग बोलायला मी घरून पाठ करून गेले होते.

काकूंनी चष्मा नसल्यामुळे फोटो लांब धरला. बराच वेळ धरला.

"मागच्या थंडीतला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

"जेवताना म्हणाले होते. आज कोट घातला होता म्हणे. मी म्हटलं, कुठे निघाला होतात? तर म्हणाले, कुठे नाही. समोरची कॉन्व्हेंट महिनाभर नेम धरून बसलीये, रोज काय नुसता पेपर वाचणारा म्हातारा बघायचा तिने."

"त्यांना मी दिसायचे?"

"अगं, सकाळी तुमच्या गॅलरीवर ऊन येतं. काच चमकते. जन्मभर काचेशी संसार केलेला माणूस. माझा चष्मा कुठे पडलाय ते त्यांना बाहेरून दिसायचं."

"मग मला काही म्हणाले का नाहीत?"

काकूंनी पदराने फोटोवरचं काहीतरी पुसलं, जे तिथे नव्हतं. "मीही तेच विचारलं. म्हणाले, विचारेल ती कधीतरी. घाई नाहीये."

घरी येऊन मी फोटो पूर्ण मोठा केला. तारांवर कबुतरं नव्हती. तुम्ही सरळ भिंगात बघत होतात. हात शिवणीला लागलेले, मान मला शिकवलीत तशी वर. माझ्याकडून झालेली ती चोरी नव्हतीच. तुम्ही मला फोटो दिला होतात आणि मी तो घेऊन पळाले होते.

तेराव्याला तोच लावला. वहिनींचं म्हणणं होतं की कमरेपर्यंत घ्यावा, लेंगा बरा दिसत नाही. "आणि गेलेल्या माणसाच्या फोटोत कंगवा कशाला तो लोंबता?"

"असू दे," काकू म्हणाल्या. "त्यांचाच आहे. आणि कापायचा नाही."

हार जरा आखूड होता. तो टायपर्यंतच आला. बाकी सगळे तुम्ही दिसत होतात, पायातल्या चपलांसकट.

सौरभचा मेसेज आला होता, की तो रविवारी निघतोय, कॅमेरा घेतेस की दुसऱ्याला देऊ. मी तो तक्ता काढून पुन्हा वाचला. तुमचा प्रश्न त्यावर लिहिलेला नव्हता, तरी वाचता आला. गॅलरीत जाऊन उभी राहिले. लांबचं जवळ ओढून बघावं असं त्या पायरीवर आता कुणी नव्हतं. ज्या एका कारणासाठी मला लहान सेन्सर पुरत होता, ते कारण खाली खिळ्यावर कोट टाकून निघून गेलं होतं. मी सौरभला 'हो' कळवलं. तुम्ही हरलात असं समजू नका. वाद अर्धाच राहिलाय आणि उरलेला अर्धा मला एकटीला दोन्ही बाजूंनी करावा लागतोय.

आज सकाळी तुमची पन्नासची लेन्स परत द्यायला काकूंकडे गेले. पिशवीत नवा कॅमेराही होता. काकू खिडकीजवळ कॉटवर मेथी निवडत होत्या.

"मी काय करू ती लेन्स घेऊन?" त्या म्हणाल्या. "भाजीत घालू? ठेव तुझ्याकडे."

मग त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. मी लेन्स पिशवीत ठेवली आणि उठले. दारापर्यंत गेले. आभाळ भरलेलं होतं, खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. काकूंच्या चेहऱ्याची एक बाजू अंधारात होती. मागच्या भिंतीवर तुम्ही, कोटात, सुकलेल्या हाराखाली. लाइट चांगला नव्हता.

मी पिशवी खाली ठेवली. लेन्सला रिंग लावली, लेन्स कॅमेऱ्यावर बसवली. साठवर ठेवलं. डोळ्याला लावलं तर काकू पूर्ण दिसत होत्या, मांडीवरच्या मेथीच्या जुडीसकट, पण तुम्ही कडेला अर्धेच येत होतात. मी एक पाऊल मागे गेले. अजून एक. तिसऱ्याला पाठ दाराशेजारच्या भिंतीला लागली.

कॅमेरा खाली घेतला. काकू मान खाली घालून देठ खुडत होत्या. त्यांना वाटत होतं मी गेले.

"काकू," मी म्हणाले, "तुमचा फोटो काढू का? जरा डावीकडे सरकून बसा, म्हणजे काकाही येतील."